सरस्वती जपानला गेली. पुढे काय झालं?

माझ्या एका विद्यार्थिनीच्या पहिल्या निबंधात दोन रकाने होते. डावीकडे सरस्वती, लक्ष्मी, महाकाल, कुबेर, गणपती, इंद्र, ब्रह्मा. उजवीकडे बेंझाइतेन, किचिजोतेन, दाइकोकुतेन, बिशामोनतेन, कांगितेन, ताइशाकुतेन, बोनतेन. खाली एकच वाक्य होतं: ‘यावरून भारतीय संस्कृतीचा जपानवरील प्रभाव स्पष्ट होतो.’ एकही जोडी चुकलेली नव्हती. तरी मी त्या निबंधाला दहापैकी चार गुण दिले, आणि ती संध्याकाळी शिक्षककक्षाच्या दारात येऊन उभी राहिली. “मॅडम, यात चूक काय आहे?”

त्या प्रश्नापासून पुढचं दीड वर्ष कसं गेलं ते तिच्या परवानगीनं, नाव न घालता, इथे मांडते आहे. आमच्या महाविद्यालयात ‘आशियाई संस्कृती’ हा मायनर, म्हणजे मुख्य विषयाच्या जोडीचा दुय्यम विषय, आम्ही नव्यानं सुरू केला. इतरत्रही असे मायनर सुरू होत आहेत. कुणाला आमच्या अनुभवाचा, विशेषतः आमच्या चुकांचा, उपयोग व्हावा हा हेतू आहे.

विषय आला कुठून

नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातली स्वायत्त महाविद्यालयं २०२३-२४ पासून नव्या आराखड्यावर गेली. मेजर एक, त्याच्या जोडीला मायनर एक. मायनरला आमच्याकडे १८ क्रेडिट आहेत. एका क्रेडिटला वर्गातले १५ तास धरले तर सगळे मिळून २७० तास. मेजर आणि मायनर वेगवेगळ्या विद्याशाखांतले असले तरी चालतात. त्यामुळे अर्थशास्त्राची, संख्याशास्त्राची मुलं इतिहास विभागाकडे येण्याची वाट पहिल्यांदाच उघडली. मला याचा मनापासून आनंद झाला होता. वीस वर्षं मी फक्त इतिहासाच्या मुलांना इतिहास शिकवत आले होते.

विषय अभ्यास मंडळापुढे ठेवला तेव्हा एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारलं, “हे परदेशी विद्यापीठांचं फॅड आपल्याकडे कशाला?” मी धर्मानंद कोसंबींचं नाव घेतलं. गोव्यातल्या साखवाळचा, १८७६ साली जन्मलेला हा माणूस बुद्धाचा धर्म शिकायचा म्हणून घर सोडून निघाला, श्रीलंकेत विद्योदय परिवेण या बौद्ध विद्यालयात पाली शिकला, ब्रह्मदेशात राहिला, पुढे हार्वर्डमध्ये काम करून आला. हार्वर्डला जाण्याआधी, महाराष्ट्रातल्या कोणत्याही गावी राहून काम केलंत तर महिना ५० रुपये देऊ, असं सयाजीराव गायकवाडांनी त्यांना सांगितलं आणि ते आले. १९१२ ते १९१८ ते पुण्यात फर्ग्युसनमध्ये पाली शिकवत होते. त्यांचे विद्यार्थी पु. वि. बापट यांनी १९३७ साली विसुद्धिमग्ग आणि विमुत्तिमग्ग या दोन बौद्ध ग्रंथांचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या विमुत्तिमग्गासाठी त्यांना चिनी भाषांतर वाचावं लागलं. १९७० साली त्यांनी जपानी विद्वान अकिरा हिराकावा यांच्यासोबत एका चिनी विनयग्रंथाचं (भिक्षूंच्या नियमांच्या ग्रंथाचं) भाषांतर केलं, ते भांडारकर संस्थेनं छापलं. म्हणजे पुण्यात बसून चिनी पोथ्या वाचणं ही जवळपास शंभर वर्षांची परंपरा आहे. मध्ये ती आपण विसरलो, एवढंच.

विषय मंजूर झाला. मग आम्ही अभ्यासक्रम केला, आणि तो वाईट केला. पहिल्या दोन क्रेडिटच्या पेपरात ३० तासांत १२ देश कोंबले. चीनला तीन तास, इंडोनेशियाला दोन. मुलं देशांची नावं, राजधान्या आणि ‘प्रमुख सण’ पाठ करून उत्तीर्ण झाली. दोष माझा होता. काही सुटू नये या भीतीनं मी सगळंच वरवरचं केलं.

ती

ती कराडची. मेजर अर्थशास्त्र. वडील बाजार समितीच्या आवारात एका अडतीच्या दुकानात दिवाणजी आहेत. मायनर निवडताना तिनं कारण सरळ सांगितलं होतं: तिला जपानी शिकायचं होतं, कारण पुण्यात जपानी येणाऱ्याला नोकरी मिळते. त्यात गैर काही नाही. पुण्यात जपानी शिकवण्याची मोठी परंपरा आहे. फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे, जपानी भाषेच्या जेएलपीटी परीक्षेचं केंद्र शहरात आहे. तिनं संध्याकाळचा एक वर्ग लावला. त्या वर्गाचे तास आमच्या क्रेडिटमध्ये धरावेत म्हणून मी बरेच अर्ज केले, ते धरता आले नाहीत. ही अडचण अजून सुटलेली नाही आणि ती सोडवल्याशिवाय हा मायनर पुरा होणार नाही असं माझं ठाम मत आहे. संस्कृती शिकायची आणि भाषा मात्र स्वखर्चानं, रात्री आठ वाजता शिकायची, ही व्यवस्था मुलांवर अन्याय करणारी आहे.

वडिलांचा एकदा फोन आला. “मॅडम, पोरगी म्हणती, जपानच्या देवांचा अभ्यास करती. ह्याचं पुढं काय व्हायचं?” मी त्यांना नोकऱ्यांची यादी सांगू शकले असते. सांगितली नाही. म्हटलं, अजून मलाही दिसत नाही, पण तिचं डोकं चांगलं चाललंय, थोडे दिवस चालू दे. ते म्हणाले, “बरं. तुमच्यावर सोडलं.” ती जबाबदारी मला अजून जाणवते.

चूक काय होती

तर ती दारात उभी. मी तिला रकाने पुन्हा दाखवले आणि विचारलं, “डावीकडची सरस्वती तुला लहानपणापासून माहीत आहे. उजवीकडची बाई बाराशे वर्षं काय करत होती, ते या निबंधात कुठे आहे?”

आपल्या मराठी मुलांना हा विषय शिकवताना सर्वांत मोठा अडथळा अज्ञानाचा नसतो, अभिमानाचा असतो. बुद्ध इथून गेला, देव इथून गेले, लिपी इथून गेली. सगळं आपलंच, असं एकदा म्हटलं की पुढे बघायची गरजच उरत नाही. दुसऱ्या माणसानं ती वस्तू हातात घेऊन तिचं काय केलं हा प्रश्नच पडत नाही. माझ्या मते हा विषय त्या प्रश्नापासून सुरू होतो.

मी तिला बाकी सहा देव सोडायला सांगितले. फक्त बेंझाइतेन. एक सत्र, एक देवी.

पहिला धक्का पंधरा दिवसांत बसला. नारा इथल्या तोदाइजी मंदिरात आठव्या शतकातली बेंझाइतेनची मातीची मूर्ती आहे. तिचं छायाचित्र तिनं शोधून आणलं. “मॅडम, हिला आठ हात आहेत. वीणा नाहीये.” का नाही, हे शोधताना ती सुवर्णप्रभास सूत्रापर्यंत पोचली. या महायान सूत्राचं चिनी भाषांतर यीजिंग या भिक्षूनं ७०३ साली केलं. हा तोच यीजिंग (आपल्या पाठ्यपुस्तकांतला इत्सिंग), जो नालंदेत राहून गेला होता. त्या सूत्रात सरस्वती आठ हातांची आहे आणि त्या हातांत धनुष्य, बाण, तलवार, परशू, वज्र, चक्र, पाश अशी आयुधं आहेत. सूत्र सांगणाऱ्याला ती वाणी आणि स्मरणशक्ती देते, औषधी वनस्पतींच्या स्नानाचा विधी सांगते, आणि जो राजा हे सूत्र मानतो त्याच्या राज्याचं रक्षण करायला इतर देवांसोबत उभी राहते. ७४१ साली सम्राट शोमूनं प्रत्येक प्रांतात मंदिरं उभारायचा हुकूम काढला, त्यामागे हेच सूत्र होतं. म्हणजे सरस्वती जपानात पोचली ती राज्यरक्षणाच्या पोथीतून. आपल्या शाळेच्या पाटीवरच्या सरस्वतीशी या मूर्तीची लगेच ओळख पटत नाही, ती यामुळे.

वाद्य आलं ते दुसऱ्या वाटेनं. ८०६ साली कूकाई हा जपानी भिक्षू चीनमधून मंत्रयानाची, म्हणजे तांत्रिक बौद्ध पंथाची, मंडलचित्रं घेऊन परतला. त्यांतल्या गर्भमंडलात दोन हातांची, बिवा वाजवणारी देवी आहे. बिवा हे तंतुवाद्य म्हणजे चिनी पिपा, आणि पिपा आली मध्य आशियातून. नाराच्या शोसोइन भांडारात आठव्या शतकातली पाच तारांची बिवा आजही जपलेली आहे. शिंपल्याच्या जडावाचं काम असलेल्या त्या वाद्यावर उंटावर बसून वादन करणारा माणूस कोरलेला आहे. हे चित्र वर्गात पडद्यावर लावलं तेव्हा मुलं गप्प झाली. जपानात उंट नाहीत. एका वस्तूवर अख्खा रस्ता कोरलेला आहे. बारा देश तीस तासांत शिकवून मला जे साधलं नव्हतं, ते त्या एका चित्रानं साधलं.

लक्ष्मीचं काम

तिचा खरा शोध मात्र पुढे आहे, आणि तो तिचा स्वतःचा आहे. मी तो सुचवला नव्हता.

तोदाइजीच्या त्या मूर्तीची जोडीदार म्हणून किचिजोतेनची, म्हणजे लक्ष्मीची, मूर्ती आहे. नारा काळात, म्हणजे आठव्या शतकात, समृद्धीसाठी आणि भरघोस पिकासाठी पूजा व्हायची ती हिची. पण नंतरच्या शतकांत किचिजोतेन मागे पडत गेली आणि धनसंपत्ती देणारी देवी म्हणून लोक बेंझाइतेनकडे जाऊ लागले. तिच्या नावातलं मधलं अक्षर आधी ‘बुद्धी, कला’ या अर्थाचं होतं. त्याच उच्चाराचं ‘धन’ या अर्थाचं अक्षर तिथे लिहिलं जाऊ लागलं. पुढे सात भाग्यदेवतांच्या नावेत ती बसली. त्या सातांत बाई ती एकटीच. कामाकुरात झेनिआराइ बेंतेन नावाचं ठिकाण आहे. तिथल्या गुहेतल्या झऱ्याच्या पाण्यात लोक टोपलीत नाणी आणि नोटा घेऊन धुतात, पैसे वाढावेत म्हणून.

आपल्याकडे म्हणतात, लक्ष्मी आणि सरस्वती एका घरात नांदत नाहीत. अर्थशास्त्र शिकणाऱ्या त्या मुलीनं वहीच्या कोपऱ्यात लिहिलं होतं: ‘जपानमध्ये सरस्वतीनं लक्ष्मीचं काम घेतलं. का?’

या एका ‘का’साठी मी त्या निबंधाचे आधीचे गुण खोडले.

उत्तर एका ओळीचं नाही. तिनं धागे गोळा केले. सरस्वती मुळात नदी. जपानातली तिची मोठी ठाणी पाण्यात आहेत, बिवा सरोवरातलं चिकुबु बेट, एनोशिमा, इत्सुकुशिमा. पाण्याशी नाग आणि ड्रॅगन जोडलेले. मध्ययुगात उगाजिन नावाची देवता तिच्याशी एकरूप झाली. अंग वेटोळं घातलेल्या सापाचं, डोकं म्हाताऱ्या माणसाचं, आणि ते बेंझाइतेनच्या मस्तकावर बसलेलं. उगाजिनचा संबंध धान्याशी आणि सुबत्तेशी. म्हणजे धन तिच्याकडे आलं ते पाणी, साप आणि धान्य यांच्या वाटेनं, तिथल्या मातीतून. इथून काही तिकडे ‘गेलं’ असं म्हणून हे समजत नाही. तिथल्या कोळ्यांनी, शेतकऱ्यांनी, बिवा वाजवणाऱ्यांनी, व्यापाऱ्यांनी तिला आपल्या गरजेनं घडवलं.

१८६८ साली मेइजी सरकारनं बौद्ध आणि शिंतो (जपानचा मूळचा धर्म) पूजास्थानं वेगळी करायचा हुकूम काढला. शतकानुशतकं एकत्र नांदलेल्या देवांना बाजू निवडावी लागली. इत्सुकुशिमाची बेंझाइतेन जवळच्या दाइगान्जी या बौद्ध मंदिरात गेली. एनोशिमा शिंतो ठरलं, तिथल्या देवतेला शिंतो नाव मिळालं, तरी बेंझाइतेनच्या मूर्ती तिथे आजही पाहायला मिळतात. हा भाग तिनं वर्गात मांडला तेव्हा कामठीहून आलेला एक मुलगा बोलला. एरवी तो फारसा बोलत नसे. म्हणाला, “देव कुणाचा हे सरकारनं ठरवायचं, हे आम्हाला नवीन नाही. पण मॅडम, तुम्ही आशिया म्हणता तेव्हा मला बाहेरचं काही वाटत नाही. आमच्या घरी वंदना पालीत होते, आणि गावातलं ड्रॅगन पॅलेस हे बुद्धमंदिर जपानी मदतीनं बांधलंय.” त्या तासाला मी पुढचं टिपण बाजूला ठेवलं आणि त्याला बोलू दिलं. या मायनरमध्ये कोण ‘आपण’ आणि कोण ‘ते’ हे शिक्षकानं गृहीत धरू नये, हे मी त्या दिवशी शिकले.

अ, इ, उ, ए, ओ

भाषेबद्दल थोडं. जपानी वर्गातून ती एकदा धावतच आली. “मॅडम, त्यांची बाराखडी आपल्यासारखीच आहे!” स्वर अ, इ, उ, ए, ओ. मग क, स, त, न, ह, म, य, र, व. मधला ‘स’ आपल्या च-वर्गाच्या जागी बसतो आणि ‘ह’ प-वर्गाच्या, कारण जुन्या जपानीत त्या ध्वनींचे उच्चार वेगळे होते. ‘ह’ पूर्वी ‘प’ होता. हा क्रम सिद्धम ही जुनी भारतीय लिपी आणि संस्कृत वर्णविचार शिकणाऱ्या बौद्ध भिक्षूंमुळे तिथे रुजला. मराठी मुलाला हा तक्ता पाठच करावा लागत नाही.

मी वाट पाहत होते, ती पुन्हा ‘आपलाच प्रभाव’ म्हणते का. ती म्हणाली, “पण मग त्यांनी शेकडो वर्षं ‘इरोहा’चा क्रम का वापरला?” खरंच, मेइजी काळापर्यंत व्यवहारात अक्षरं लावली जात ती एका जुन्या कवितेच्या क्रमानं; तिच्यात प्रत्येक अक्षर एकदाच येतं. वर्णमालेचा क्रम विद्वानांकडे होता, लोकांकडे कविता होती. हा प्रश्न तिचा तिला पडला यात मला तिची सगळी प्रगती दिसली. आणि तो भाषेच्या वर्गात पडला. म्हणून मी म्हणते, एक भाषा हवीच, कोणतीही. पाली, जपानी, फारसी, काहीही. भाषांतरातून देवांची नावं कळतात, असे प्रश्न पडत नाहीत.

आगाशिव

दिवाळीच्या सुट्टीत तिला एकच काम दिलं होतं: घराजवळची लेणी बघून ये. कराडजवळ जखिणवाडीला आगाशिवाच्या डोंगरात बौद्ध लेण्यांचा मोठा समूह आहे. ती तिथे शाळेच्या सहलीला गेली होती, ‘पांडवांची लेणी’ म्हणून. या वेळी वडिलांना घेऊन गेली. जाण्याआधी मी तिला भारहुतचा लेख दिला होता. मध्य प्रदेशातल्या त्या स्तूपावर करहकट निगमानं दिलेल्या दानाची नोंद आहे, आणि करहकट म्हणजे कराड असं अभ्यासक मानतात. दोन हजार वर्षांपूर्वी कराडच्या व्यापारी पेठेनं कित्येक कोस दूरच्या स्तूपाला दान पाठवलं होतं. रात्री तिच्या वडिलांनी स्वतः फोन केला. “निगम म्हंजे आमची बाजार समितीच की मॅडम.” अगदी तसं नाही, पण फार चुकीचंही नाही. त्यांनी मला दहा मिनिटं विचारलं, दान रोकड होतं का वस्तू, कोण घेऊन गेलं असेल, हुंडी होती का. अडतीच्या माणसाचे ते प्रश्न होते आणि त्यांतले दोन मी पुढच्या बॅचच्या स्वाध्यायात जसेच्या तसे घातले.

आम्ही काय बदललं

पहिला पेपर आम्ही मोडला. आता त्यात बारा देश नाहीत. ३० तासांत तीन वस्तू आहेत: एक मूर्ती, एक वाद्य, एक लिपी. प्रत्येक मुलानं आपल्या गावापासून दोन तासांच्या अंतरावरची एक जागा बघायची. कुणी वरळीतलं निचिदात्सु फुजिई या जपानी भिक्षूंच्या पंथाचं जपानी बौद्ध मंदिर निवडतं, कुणी कान्हेरीचे पहलवी या जुन्या इराणी भाषेतले लेख, कुणी सिंहगड रस्त्यावरचं पुणे-ओकायामा मैत्री उद्यान. रकान्यांचा निबंध चालत नाही, हे पहिल्याच दिवशी सांगते. मुलं थोडी नाराज होतात. यादी करणं सोपं असतं.

तिचा निबंध पाच महिन्यांनी पुन्हा आला तेव्हा २२ पानांचा होता. त्यातली चार पानं मला पटली नाहीत. उगाजिन आणि आपले नागदेव यांची जोडी तिनं फार लवकर लावली आहे, ते मी समासात लिहिलं. तिनं ती पानं काढली नाहीत, खाली तळटीप दिली: ‘मार्गदर्शकांचे मत वेगळे आहे.’ मला ते आवडलं.

आता ती तिसऱ्या वर्षाला आहे आणि सहाव्या सत्राच्या प्रकल्पासाठी तिनं विषय कराडचाच घेतला आहे. कारण गेल्या लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी दुकानातून तिनं मला एक फोटो पाठवला. वडिलांनी नवी खातेवही पूजेला मांडली होती. लाल कापडी पुठ्ठा, झेंडूचं फूल, आणि पहिल्या पानावर वरच्या ओळीत त्यांच्या वळणदार अक्षरात ‘श्री शारदामाता प्रसन्न’, त्याखाली ‘श्री लक्ष्मीमाता प्रसन्न’. मालक गुजराती आहेत, त्यांच्याकडे वहीपूजनाला शारदापूजनच म्हणतात. वडील हे पान वीस वर्षं लिहीत आले आहेत.

फोटोखाली तिनं एवढंच लिहिलं होतं: “मॅडम, आपल्याकडे पण वही सरस्वतीचीच आहे. मग त्या दोघी एकत्र नांदत नाहीत असं कोण म्हणतं, आणि कोणाच्या घरात?”